क्राऊनच्या दाताला ठेच लागली, बसवण्याआधी घासून चालेल का?

घसरलापाना
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो पण काल हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय म्हणून धागा काढतोय. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, डिफ (डिफरन्शियल, मागच्या चाकांना फिरवणारी गिअरपेटी) बरेच दिवस रडत होतं, उघडलं तर क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी कड्याचे, दात खरवडलेले आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर, पिनियनवर, खड्डे. नवीन क्राऊन-पिनियनचा जोड आणला, बेअरिंगं आणली, शिमा (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) आणल्या, सगळं कागदावर ओळीनं मांडून ठेवलं, आणि क्राऊनवरचं गंज न लागायचं तेल पुसायला म्हणून उचललं तर हातातून सटकलं ते थेट व्हाइसच्या जबड्यावर. आवाज असा आला की पोटात गोळाच आला.

आता ४१ पैकी एका दाताच्या बाहेरच्या टोकाला, वरच्या धारेवर साधारण दोन मिमीची ठेच आहे. बघताना काहीच वाटत नाही पण नख फिरवलं की एका जागी अडकतं. घासून चालेल का, भरून घ्यावं, की अख्खा जोडच भंगारात? बसवायचं काम थांबवलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा आणि शिव्या कमी घालाव्यात.

तेलकटबोटं
शिव्या नाही घालत, माझ्या हातून पिनियन पडलाय. पडल्यावर पहिल्यांदा तो पायावर पडला नाही याचा आनंद झाला, मग बाकीचं दुःख.

शिमसम्राट
आधी सांग ठेच नक्की कुठे. क्राऊनच्या दाताला एक बाजू फुगीर असते एक खोलगट. बहुतेक गाड्यांत पुढे जाताना लोड फुगीर बाजूवर येतो, ॲक्सिलरेटर सोडला की खोलगट बाजूवर. ठेच कुठल्या बाजूला झुकलीये? आणि दाताच्या बुडाशी, जिथे दोन दातांमधली खोबण वळते तिथे काही रेघबिघ दिसते का?

घसरलापाना
फुगीर बाजूला. म्हणजे नेमकी लोडची बाजू, आपलं नशीबच तसं. पण अगदी टोकाला आणि वरच्या धारेवर. बुडाशी काही दिसत नाही, टॉर्च मारून बघितलं.

जुगाडू
एवढं काय टेन्शन घेतोस, बारीक वेल्डचा थेंब टाकून घे आणि ग्राइंडरने आकार दे. आमच्याकडे तुटलेले दात भरलेत, पळतात.

कानसकाका
जुगाडूभाऊ, पळतात हे खरं, कुठपर्यंत पळतात ते नंतर कोणी सांगायला येत नाही. क्राऊन-पिनियनचं पोलाद आतून चिवट ठेवतात आणि वर कार्बन मुरवून साधारण एक मिमीची कडक साल तयार करतात, ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) इतकी. वेल्डचा थेंब पडला की त्याच्या भोवतीची साल काही ठिकाणी मऊ पडते आणि अगदी लगतचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. सावकाश चालणाऱ्या एखाद्या अवजाराचा दात भरला तर निभेलही, पण रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाडीच्या डिफमध्ये तो तुकडा सुटून दोन दातांच्या मध्ये सापडला तर अख्खं हाऊसिंग फोडेल.

आता पाना, तुझ्याबद्दल. तू खड्ड्याकडे बघतोयस, खड्डा सोड. टोकाच्या धारेवर दोन मिमीचा खड्डा असला तर तेवढ्या जागेवर लोड येणार नाही इतकंच, बाकीचा दात धडधाकट आहे. खरी भानगड खड्ड्याच्या काठाला आहे. धातू दबतो तेव्हा तो कुठे नाहीसा होत नाही, बाजूला सरकून वर येतो, चिखलात पाय रुतला की कडेने चिखल वर येतो ना तसा. तुझं नख जिथे अडकतंय तो हा उंचवटा. पिनियनचा प्रत्येक दात त्याच्यावर आपटणार, कट्-कट् आवाज येणार, आणि ज्या पिनियनला काहीच झालं नव्हतं त्याच्या दातावरही ओरखडे उठणार. म्हणून वर आलेला धातू काढायचा, खाली गेलेला तसाच ठेवायचा. खड्डा दिसेनासा होईपर्यंत घासायचा मोह होतो बघ, तो आवर. दाताचा आकारच बिघडतो मग.

घसरलापाना
काका, कानस लावून बघितली होती खरं तर, घसरते नुसती. काचेवर फिरवल्यासारखी.

कानसकाका
घसरणारच, आणि घसरली हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे साल शाबूत आहे. साधी कानस त्या कडकपणाला चावत नाही. हाताचा ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) घे, बारीक दाण्याचा, तिकोनी किंवा चाकूच्या पात्यासारखा मिळाला तर उत्तम, नाहीतर बारीक डायमंड फाइल. पातळ तेलाचा थेंब टाक. स्टोन दाताच्या पृष्ठभागावर सपाट टेकव, म्हणजे चांगल्या भागावर तो नुसता सरकेल आणि उंचवटा आला की तिथेच कापेल. दाताच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, चार-पाच हात मारायचे, पुसायचं, नख फिरवायचं. परत चार-पाच. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सगळ्यात शेवटी ठेच लागलेल्या धारेला अगदी बारीक उतार दे, अर्ध्या मिमीच्या आत, म्हणजे टोकदार कोपरा राहणार नाही. कोपरा टोकदार राहिला तर भेग तिथूनच सुरू होते.

नवशिका०७
काका एक प्रश्न, छोटं हातातलं फिरतं ग्राइंडर चालेल ना? वेळ वाचतो.

तेलकटबोटं
याचं उत्तर मी देतो कारण फी मी भरलीये. पडलेल्या पिनियनवर मी तेच चालवलं होतं. टेकवल्यावर दोन-तीन सेकंदांत एवढासा निळा डाग आला, मोराच्या पिसासारखा, म्हटलं छान दिसतंय. निळा रंग म्हणजे तिथलं तापमान तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलं, आणि हे गिअर कडक केल्यावर दीडशे-दोनशेलाच परत तापवून काढलेले असतात, त्याच्या वर गेलं की कडकपणा उतरला. वर्ष व्हायच्या आत डिफ परत उघडायला लागलं तर बरोब्बर त्या डागाच्या जागी दातावर खड्ड्यांची रांग. दहा मिनिटं वाचवली होती मी.

जुगाडू
बरं वेल्डिंग नको तर नको. मग व्हॉल्व्ह बसवायची ती ग्राइंडिंग पेस्ट लावा आणि क्राऊन-पिनियन एकमेकांवर फिरवा तासभर, आपोआप जुळून येतील.

शिमसम्राट
आज फॉर्मात आहेस 😀 हा जोड कारखान्यात आधीच एकमेकांवर पेस्ट लावून फिरवलेला असतो, म्हणून तर दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो आणि एकटा पिनियन बदलता येत नाही. पण तिथलं मशीन दोघांची जागा ठरलेल्या मापाने हलवत राहतं म्हणून सगळ्या दातभर सारखी घासाई होते. आपण एकाच जागी बसवून फिरवलं तर दातावर पट्टा पडतो. शिवाय पेस्टचे कण दातात रुतून बसतात आणि पुढे बेअरिंगं खातात.

जाता जाता पाना, पिनियनवरचा आणि क्राऊनवरचा नंबर जुळतोय ना ते आत्ताच बघून घे. घासून झाल्यावर कळण्यापेक्षा बरं.

घसरलापाना
नंबर जुळतोय. पिनियनच्या तोंडावर अजून एक +२ असं कोरलंय ते काय?

शिमसम्राट
तो पिनियन ठरलेल्या मापापेक्षा किती पुढेमागे बसवायचा त्याचा आकडा. तो मिमीच्या शंभराव्या भागात आहे की इंचाच्या हजाराव्या, आणि अधिक म्हणजे शिम वाढवायची की कमी करायची, हे बनवणाऱ्यावर आहे, मॅन्युअल बघूनच ठरव. अंदाजाने केलंस तर माझ्यासारखे शिमांचे पॅकेट संपवशील, हे नाव उगाच नाही पडलं.

आकडेमोड
उंचवटा आवाज कसा करतो ते मोजून बघायला मजा येते. पानासाहेब, तुमचा क्राऊन ४१ दातांचा, पिनियन १० चा असेल तर रेशो ४.१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.१ फेरे. टायरचा घेर २ मीटर धरा, ताशी ६० किमीला चाक मिनिटाला ५०० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला आठच्या वर. क्राऊनच्या एका दातावर उंचवटा असेल तर सेकंदाला आठ टकटका. तोच उंचवटा पिनियनच्या दातावर असता तर ४.१ पट, सेकंदाला ३४, ते टकटक न वाटता घरघर वाटलं असतं. गाडी अगदी हळू चालवून टायरच्या एका फेऱ्याला किती टक् येतात ते मोजलं तर दोषी कोण ते न उघडता कळतं.

आणि ४१ व १० ला सामाईक भाजक नाही, त्यामुळे तुमचा जखमी दात पिनियनच्या दहाही दातांना पाळीपाळीने भेटतो, चाकाच्या दहा फेऱ्यांत सगळ्यांशी ओळख. म्हणून काका म्हणतात तसं एका दाताची खोडी दहा दातांना भोवते.

नवशिका०७
वाचनखूण साठवली. हे असं कोणी कॉलेजात शिकवलं असतं तर.

घसरलापाना
काल रात्री केलं. काका म्हणाले तसा स्टोन सपाट टेकवून. पहिल्यांदा हाताला खरखर लागत होती, एका ठराविक जागी स्टोन अडखळायचा, हळूहळू ती खरखर गेली आणि शेवटी सगळीकडून सारखा सरकायला लागला तेव्हा थांबलो. नख अडकत नाही आता. खड्डा दिसतोय पण त्याच्याकडे काणाडोळा करायचा सराव करतोय. ठेच लागलेल्या जागी चकचकीत ठिपका आलाय, निळा नाही, पांढरा चकचकीत. लगेच बसवू का?

कानसकाका
दम धर. भेग तपासल्याशिवाय बसवायचं नाही. कडक साल ठेचली की कधी नुसती दबते, कधी तडकते, आणि तडा डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनिट्रंटच्या स्प्रेचा संच मिळतो, लाल आणि पांढरा. आधी ब्रेक क्लीनरने दात एकदम कोरडा कर, तेलाचा अंश राहिला तर सगळं फुकट. लाल मार, दहा-वीस मिनिटं थांब. मग क्लीनर फडक्यावर घेऊन फडक्याने पूस, दातावर थेट क्लीनर मारू नकोस नाहीतर भेगेतला रंगही धुऊन निघेल. मग पांढऱ्याचा पातळ थर दे आणि वाट बघ. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, केसासारखी. चुंबकाने आणि लोखंडाच्या भुकटीने तपासणारे असतील तर अजून चांगलं.

रेघ दाताच्या बुडाकडे जाताना दिसली तर तो जोड गेला समज, तिथे कसलीही दुरुस्ती नाही. दात वाकतो तेव्हा सगळा ताण बुडाशीच येतो.

तेलकटबोटं
+१. आणि ठेच दाताच्या मधोमध, जिथे दोघांचा खरा स्पर्श होतो तिथे असती तरी मी बसवला नसता. टोकाची धार होती म्हणून वाचलास.

नवशिका०७
आणि आतले ते छोटे स्टार गिअर, त्यांच्यावर ठेच असेल तर?

शिमसम्राट
ते दोन्ही चाकं सारखी फिरत असताना एकमेकांवर फिरतच नाहीत, वळणावर किंवा चाक घसरल्यावरच फिरतात. उंचवटा काढून टाक आणि सोड. त्यांच्यात बघायचं ते मधली शाफ्ट खरवडलीये का आणि मागचे वॉशर किती झिजलेत.

घसरलापाना
तपासणी झाली, लाल रेघ नाही. बुडाशी तर अजिबात नाही. क्राऊन रॉकेलमध्ये धुतला, ब्रशने प्रत्येक खोबण साफ केली, कारण स्टोनची माती दातात राहिली तर तीच पेस्ट. केजवर (क्राऊन ज्याच्यावर बोल्टने बसतो तो भाग) चढवला, बोल्ट समोरासमोरचे करत टॉर्कने आवळले. बेअरिंगांवर टाकून हाऊसिंगमध्ये बसवला, डायल गेज लावलं.

आणि आता नवीन रडगाणं. क्राऊनच्या पाठीवर गेज लावून फिरवलं तर काटा ०.१४ मिमी डोलतोय. मॅन्युअलमध्ये ०.०५ च्या वर नको लिहिलंय. बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधला मोकळा खेळ) चार जागी मोजला तर कुठे ०.१२ कुठे ०.२३. पडल्यामुळे क्राऊनच वाकला का? सगळं केलेलं पाण्यात?

जुगाडू
मी आता काही बोलतच नाही.

आकडेमोड
पाठीचा डोल आणि बॅकलॅशमधला फरक दोन्ही ०.१० च्या पुढे, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळताहेत, क्राऊन तिरका बसलाय हे नक्की. आता प्रश्न एवढाच की तिरकेपण क्राऊनचं की केजचं. सोपी परीक्षा आहे. काटा जिथे सगळ्यात वर जातो तिथे क्राऊनवरही खूण करा आणि केजवरही. मग क्राऊन काढून अर्धा फेरा फिरवून परत चढवा आणि मोजा. उंच जागा क्राऊनच्या खुणेबरोबर सरकली तर क्राऊन दोषी, केजच्या खुणेपाशीच राहिली तर केज.

कानसकाका
आकडेमोड बरोबर बोलतोय. एवढ्या कडक आणि जाड कड्याला हातातून पडून वाक येणं अवघड आहे. मला एक सांग पाना, जुना क्राऊन काढताना काय वापरलंस?

घसरलापाना
पितळी पंच आणि हातोडा. मध्ये पितळी सापडेना म्हणून एक-दोन फटके पोलादी पंचाने मारले, एकदा सटकला पण होता. का?

कानसकाका
आधी परीक्षा कर मग बोलू.

घसरलापाना
काका तुमच्या पाया कुठे पडू. क्राऊन अर्धा फेरा फिरवून बसवला, उंच जागा केजच्या खुणेवरून हलली नाही. क्राऊन काढला, केजच्या पाटावर (क्राऊन टेकतो ती सपाट जागा) सपाट स्टोन टेकवून नुसता सरकवला तर एका बोल्टच्या भोकाशेजारी चंद्रकोरीसारखा चकचकीत डाग उमटला, बाकी सगळा पाट मळकट. सटकलेल्या पंचाची खूण! तिथला काठ वर आला होता आणि क्राऊन त्याच्यावर चढून बसला होता. म्हणजे चार दिवस मी नव्या गिअरच्या दातात नख घालत बसलोय आणि भानगड जुन्या केजवर, माझ्याच हातची.

कानसकाका
केज ओतीव लोखंडाचा, क्राऊनच्या मानाने मऊ, त्याला पंच लागला की लगेच काठ उठतो. नव्या गिअरला कोणी फुंकर मारून बघतं, पण तो ज्याच्यावर बसणार त्या पाटाकडे बघायचं राहून जातं. सपाट स्टोन, तेलाचा थेंब, गोल हात, आणि चंद्रकोर आजूबाजूच्या पाटाइतकी मळकट दिसायला लागली की बस. पाट अजून घासून समतल वगैरे करायला जाऊ नकोस. भोकांच्या तोंडांनाही बोट फिरवून बघ, आणि आटे टॅप फिरवून साफ कर, आतला जुना लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) निघू दे. क्राऊन परत चढवताना ओव्हनमध्ये किंवा उकळत्या पाण्यात थोडा गरम केलास तर अलगद बसेल, ज्योत मात्र लावायची नाही, कारण तेलकटबोटंने वर लिहिलंय.

शिमसम्राट
आणि हो, पिनियनच्या बेअरिंगांमधली चुरगळणारी स्लीव्ह एकदा आवळली असशील तर शेवटच्या बसवणीला नवीन घाल, ती एकदाच दबते.

घसरलापाना
नवीन घातली. डोल आता ०.०४, बॅकलॅश सगळीकडे ०.१७ ते ०.२० मध्ये. पिवळी मार्किंग पेस्ट लावून फिरवलं, हाताने दुसऱ्या बाजूला थोडा ब्रेक देत. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला, दोन्ही बाजूंना. जखमी दात शोधायला दोनदा मोजावं लागलं, त्याचा ठसा बाकीच्यांसारखाच आहे, फक्त बाहेरच्या कोपऱ्यात पेस्ट न पुसली गेलेला ठिपका राहतो, म्हणजे खड्ड्याला काही टेकतच नाहीये. उंचवटा उरला असता तर तिथे पेस्ट पुसून चकाकणारा ठिपका दिसला असता ना?

शिमसम्राट
बरोबर वाचलंस. झाकण लाव आता. तेल मॅन्युअलमधल्या घट्टपणाचं जीएल-५ (जड भाराच्या गिअरतेलाचा दर्जा), कारण या जोडात पिनियन मध्याच्या खाली असतो, दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीतून घासत सरकतात, साधं तेल तिथे टिकत नाही. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं आरामात चालव आणि पूर्ण थंड होऊ दे. सुरुवातीचे काही शे किमी भारबिर ओढायचा नाही, मग तेल बदल.

घसरलापाना
अपडेट द्यायचा राहिला होता. ८०० किमी झाले, आज तेल बदललं. रेडिओ बंद, काचा बंद करून ऐकलं, ओढताना नाही, सोडल्यावर नाही, हळू चालवून टायरच्या फेऱ्याला टक् मोजायला गेलो तर मोजायला काही मिळालं नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडं लोणी होतं बोटाच्या पेरावर मावेल एवढं, दोन बोटांत चोळून बघितलं, मऊ, टोचणारं काही नाही.

कानसकाका
तेवढं लोणी नव्या गिअरला असतंच. तो पोलादी पंच कुठे ठेवलायस?

घसरलापाना
व्हाइसच्या शेजारी. व्हाइसला आता लाकडी जबडे लावलेत.